पाटलांचे शहाण्णव

कुणीही माणूस शंभर टक्के नसतो. हे मी अध्यात्म म्हणून सांगत नाही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत सिस्टर होते, त्या अनुभवावरून सांगते. हर्सूल तलावाला फेरी मारून आलेल्या धडधाकट माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला, तरी तो बहुतेक वेळा सत्त्याण्णव नाहीतर अठ्ठ्याण्णवच दाखवतो. आमच्या यजमानांचे पहिल्यांदा सत्त्याण्णव आले तेव्हा "उरलेले तीन कुठं गेले?" म्हणून ते दिवसभर बेचैन होते.

करोनाच्या आधी हे यंत्र ऑपरेशनच्या खोलीत नाहीतर अतिदक्षता विभागात असायचं. मग साथ आली आणि घरोघरी, मिसळणाच्या डब्याशेजारी ते येऊन बसलं. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं दिसतं. बोटाला लावलं की आतला लाल दिवा बोटातून आरपार जातो आणि रक्तात ऑक्सिजन किती आहे ते टक्क्यांत सांगतो. आकडा पंच्याण्णवच्या वर असेल तर घरी बसा. नव्वदच्या खाली गेला तर आमच्याकडं या.

पण लोक येत नसत. कारण या आजाराची एक चावट खोड होती. एरवी श्वास अडला की माणूस घाबरतो, तडफडतो. ती तडफड मुख्यतः आतला कर्बवायू साठल्यामुळं होते. या आजारात पुष्कळ जणांचा कर्बवायू व्यवस्थित बाहेर पडायचा, फक्त ऑक्सिजन आत येत नसे. त्यामुळं धोक्याची घंटा वाजतच नसे. माणूस ऐंशीवर आलेला असायचा आणि पलंगावर मांडी घालून विचारायचा, "सिस्टर, चहा कधी येतो?"

असेच दोन जण माझ्या वॉर्डात शेजारी शेजारी आले. त्यांची ही हकिगत. तिच्यात माझीही एक चूक आहे. ती लपवली तर लिहिण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या लाटेत शहराबाहेरच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात तात्पुरता दवाखाना उभा केला होता. मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये माझा वॉर्ड. भिंतीवर "अन्न वाया घालवू नका" अशी पाटी होती आणि तिच्याखालून ऑक्सिजनची पाइप गेली होती.

पहिले आले साहेबराव पाटील. कन्नडकडच्या एका गावचे. वय पासष्ट, ऊस, मोसंबी, एकदा सरपंचकी. शहाऐंशी घेऊन आले, तेही जिना चढून, मोबाइलवर कुणाला तरी झापत. मी मास्क लावायला गेले तर म्हणाले, "कामून लावू राहिले? मला झालंय काय?"

"ऑक्सिजन कमी आहे, दादा."

"कुणाचा?"

"तुमचा."

"मशीन खोटी आहे तुमची." असं म्हणून त्यांनी ऑक्सिमीटर माझ्या हातून घेतला आणि हातमोजा काढायला लावून माझ्याच बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. मग शेजारच्या पलंगावरच्या मास्तरांच्या बोटाला लावला. त्र्याण्णव. पुन्हा स्वतःच्या. शहाऐंशी. पाटील थोडा वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले. भाऊबंदांत आपल्याला कमी वाटणी मिळावी तसा चेहरा झाला होता. मास्क लावून घेतला, पण एक अट घातली. पालथं झोपणार नाही.

पालथं झोपणं हे आमचं बिनपैशाचं औषध होतं. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीच्या बाजूला असतो. उताणं झोपलं की तो दबतो, पालथं झोपलं की मोकळा होतो आणि आकडा चढतो. पण मराठवाड्यातल्या पुरुषमाणसाला भरदिवसा वीस लोकांदेखत पालथं झोपवणं सोपं नाही. पाटलांचं पोटही या योजनेच्या विरोधात होतं.

आमच्या डॉक्टरीणबाई, डॉ. फरहीन, शहरातल्याच, माझ्या मुलीच्या वयाच्या. मराठी बोलता बोलता त्यांची गाडी दखनीवर घसरायची. "काका, पालथे व्हा ना. नक्को बोले तो कैसा चलेगा?"

"पोरी, पाटील पालथा झाला असं गावात कळलं तर मी तोंड कुठं दाखवू?"

"तोंड गादीतच असतंय काका, दाखवायचं कायकू?"

पाटील हसले, पण झोपले उताणेच.

दुसऱ्या दिवशी मास्तर घरी गेले आणि त्यांच्या पलंगावर भिवाजी आला. मेंढपाळ. साठीचा, वाळक्या बाभळीसारखा. डोंगराच्या कडेनं मेंढरं घेऊन फिरणारा. त्याच्या बोटाची कातडी इतकी राठ आणि हात इतके गार की यंत्राला काही दिसेचना. मी दोन्ही हातांनी त्याची बोटं चोळली तेव्हा कुठं आकडा उमटला. एकोणऐंशी. मी घाईघाईनं मास्क चढवला. तो मात्र हॉलभर नजर फिरवत म्हणाला, "लई माणसं हायेत की वो. लगीन हाय काय?"

मग त्याची नजर शेजारच्या पलंगावर गेली आणि त्यानं मान फिरवली. पाटलांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

भानगड मला थोडी थोडी कळत गेली. भिवाजी पूर्वी पाटलांच्या रानात मेंढरं बसवायचा. रानाला लेंडीखत, मेंढरांना चारा, दोघांचाही फायदा. सात वर्षांपूर्वी पाटलांचा पट्टाभर हरभरा रातोरात साफ झाला. पाटील म्हणाले, तुझ्या मेंढरांनी खाल्ला. भिवाजी म्हणाला, माझी मेंढरं तव्हा डोंगरापल्याड व्हती. तेव्हापासून बोलणं बंद. आणि आता दोघांच्या पलंगांमध्ये हातभर अंतर आणि एकच खिडकी.

"सिस्टर, त्याला सांगा, खिडकी लावून घ्यायला."

"शिस्टर, त्यान्ला सांगा, वारं येऊ द्या म्हनावं."

दोघांच्या मध्ये उभी राहून मी निरोप द्यायचे. पूर्ण किटमध्ये, घामानं निथळत, चष्म्यावर वाफ.

भिवाजी मात्र पेशंट म्हणून सोनं होता. पालथं झोप म्हटलं की पालथा. "रानात असाच निजतो म्या, कान भुईला लावून. मेंढरू हाललं की कळतंय." तिसऱ्या दिवशी तो एक्क्याण्णववर गेला. मी मुद्दाम नव्हे, सहजच, जरा मोठ्यानं म्हणाले, "वा भिवाजी, एक्क्याण्णव!"

भिंतीकडं तोंड करून पडलेली पाठ हलली. "आणि माझे?"

"अठ्ठ्याऐंशी."

मग पलंगाचा करकरण्याचा आवाज आला. साहेबराव पाटील, माजी सरपंच, दोन उशा छातीखाली घेऊन, हळूहळू, एखादी भरलेली बैलगाडी उलटावी तसे पालथे झाले.

इथं माझी चूक सुरू झाली. मला वाटलं, मला युक्ती सापडली. त्यानंतर मी दर फेरीला दोघांचे आकडे मोठ्यानं वाचायला लागले. भिवाजी ब्याण्णव, पाटील नव्वद. पाटील ब्याण्णव, भिवाजी ब्याण्णव. संध्याकाळी फोनवर पाटील घरी सांगायचे, "मी ब्याण्णव. अन् तो? तोही ब्याण्णवच, पण माझे जरा भरीव आहेत." दोघंही तासन्‌तास पालथे. डॉक्टरीणबाई खूश. मी तर मनातल्या मनात स्वतःला बक्षीस देऊन टाकलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी पाटलांचे शहाण्णव आले. हा आकडा पाटलांना इतका का आवडला, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. "लिहा सिस्टर, लिहा," म्हणाले, "अक्षर मोठं काढा." मी लिहिलं. दुपारी शहाण्णव. संध्याकाळी शहाण्णव. भिवाजी ब्याण्णववरच. मी विनोदानं म्हटलं, "काय भिवाजी, मागं पडला की." तो छताकडं बघत राहिला. तेव्हा मला विचारायची बुद्धी झाली नाही.

प्रत्येक पलंगाशी भिंतीवर काचेची एक नळी असते. तिच्यात छोटा गोळा तरंगतो. खालची चावी फिरवली की ऑक्सिजन जास्त येतो, गोळा वर चढतो आणि नळीखालच्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे लांबूनही ऐकू येतात. पाटलांना आम्ही चार लिटरवर ठेवलं होतं. मी बघायचे तेव्हा गोळा चारवरच असायचा. चार लिटरवर शहाण्णव म्हणजे माणूस सुधारला. त्या दिवसांत ऑक्सिजनचा टँकर यायला उशीर झाला की आम्ही सगळे फाटकाकडं डोळे लावून असायचो. एकेक लिटर वाचवायचा होता. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "सिस्टर, काकांना दोनवर आणू या? तुमको क्या लगता?"

मी म्हणाले, "आणू या. छान आहेत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला मी एका आजींची सलाइनची शीर शोधत होते. आणि एकदम असा आवाज आला की माझ्या हातातली सुई हलली.

"हाऽऽऽ ह्योऽऽऽ! पाटील आला न्हाईऽऽऽ!"

डोंगराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला हाक घालावी तशी आरोळी. भिवाजी पलंगावर उभा होता. मास्क गळ्यात, एक हात वर. त्या हॉलमध्ये सगळे कुजबुजतच बोलायचे, कारण कुणाच्या छातीत तेवढी हवाच नव्हती. आणि हा निम्म्या फुप्फुसाचा माणूस वसतिगृह दणाणून सोडत होता.

"संडासाला गेला त्यो आला न्हाई! लई येळ झाला!"

मी धावले. किटमध्ये धावणं म्हणजे पोत्यात शिरून धावणं. संडासाचं दार आतून कडी लावलेलं. मी हाका मारल्या. आतून उत्तर नाही. तेवढ्यात आमच्या सफाईच्या जुबेदा खाला आल्या. माझ्याच उंचीच्या, माझ्याच बांध्याच्या, पण माझ्यापेक्षा शांत डोक्याच्या. त्यांनी मला बाजूला केलं, बादली उलटी टाकून तिच्यावर चढल्या, दारावरच्या फटीतून खराट्याचा दांडा आत घातला आणि एका फटक्यात कडी उडवली.

पाटील भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. ओठ जांभळाच्या रंगाचे. आम्हाला बघून त्यांनी लाजून धोतर सारखं केलं आणि गोड हसले. "काय झालं? कामून आल्या तुम्ही दोघीजणी?"

मी ऑक्सिमीटर लावला. एकसष्ट.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी आकडा त्यांच्या नजरेआड वळवला.

"मशीन खोटी..." एवढं बोलले आणि त्यांची मान कलली.

खालांनी सिलिंडरची गाडी ढकलत आणली. डॉक्टरीणबाई आल्या, पिशवीवाला मोठा मास्क लावला, पंधरा लिटर सोडला, तिघींनी मिळून पाटलांना उचलून पलंगावर पालथं घातलं. सत्तर. चौऱ्याहत्तर. ऐंशीला यायला जो वेळ लागला तो मी घड्याळात बघितला नाही. मोठ्या दवाखान्यात हलवायला फोन केले, तर कुठंही पलंग रिकामा नव्हता. इथंच सांभाळा, म्हणाले.

सगळं जरा थांबल्यावर मी भिवाजीकडं वळले. आरोळीपायी त्याचा आकडा त्र्याऐंशीवर उतरला होता. रागवावं की शाबासकी द्यावी ते कळेना. मास्क नीट बसवत विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?"

"मोजायची सवय हाय. एक कमी भरलं की जीव लागत न्हाई." मग जरा थांबून म्हणाला, "शिस्टर, पाटील खोटं करत व्हता. तुमी यायच्या आदी ती चावी फिरवायचा. गोळा पार वर. तुमच्या चपला वाजल्या की पुन्ना चारावर."

म्हणजे ते शहाण्णव चार लिटरचे नव्हते, पंधराचे होते. मी येईपर्यंत एखादं मिनिट टिकायचे, आणि तेवढ्यात मी लिहून घ्यायचे. मोठ्या अक्षरात.

"मग मला सांगितलं का नाही?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू प्रश्नच माझा चुकला होता. "सात वर्सं बोलनं न्हाई आमचं. पयल्यांदा तोंड उघडायचं त्ये चुगली करायला व्हय?"

मी सरळ डॉक्टरीणबाईंकडं गेले. म्हटलं, मॅडम, पाटलांनी चावी फिरवली, पण फिरवायला मी लावली. शर्यत मी सुरू केली. गोळा बघितला, पण पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे ऐकले नाहीत, माणसाकडं बघितलं नाही, आकडाच बघत बसले. मला वाटलं ओरडतील. त्या खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसता येत नव्हता म्हणून तसाच ठेवला आणि म्हणाल्या, "दोनवर आणा असं मीही म्हटलं ना सिस्टर. दोघींची चुकी है. अब काकाको उठाना है, बस." त्या दिवसापासून मी कुणाचाही आकडा मोठ्यानं वाचला नाही. कुणी विचारलं तर "बरा आहे" एवढंच. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा, उत्तर किती दमात येतं ते ऐकायचं.

ही आमच्या धंद्यातली जुनी, बिनयंत्राची रीत आहे. माणूस एका श्वासात किती शब्द बोलतो ते मोजायचं. दोन शब्दांना थांबत असेल तर प्रकरण गंभीर. अख्खं वाक्य एका दमात काढलं तर सुधारतोय. अडचण एवढीच की पाटील आता कुणाशी बोलेनात. शरमेनं असेल, थकव्यानं असेल. दोन दिवस डोळे मिटून पडले होते. घास गिळताना दम लागायचा. मला त्यांच्या घरच्या फोनची भीती वाटायला लागली.

शेजारी भिवाजी राखण करत होता. कुणी सांगितलं नव्हतं. कुशीवर वळून, एक डोळा पाटलांवर. पाटलांचा हात मास्ककडं गेला की "ए पाटील! हात खाली!" चावीकडं गेला की "हाऽऽ!" तिसऱ्या दिवशी दुपारी पाटलांनी डोळे उघडले आणि त्याच्याकडं बघून म्हणाले,

"हरभरा..."

श्वास.

"तुझ्याच..."

श्वास.

"मेंढरांनी खाल्ला."

मी जिथं होते तिथंच थांबले. एक, एक, दोन. मनात शब्द मोजले.

भिवाजी उठून बसला. "माजी मेंढरं तव्हा डोंगरापल्याड व्हती!" हा एका दमात बोलला. हा बरा होता.

मी दोघांना गप्प करायला निघाले तर डॉक्टरीणबाईंनी माझी बाही धरली. "रहने दो. भांडू द्या. शब्द मोजा."

मग रोज दुपारी जेवणानंतर हरभऱ्याचा खटला चालायचा. मी नाडी बघायचं नाटक करत शब्द मोजायचे. चौथ्या दिवशी पाटील एका दमात तीन शब्द बोलत होते. "लेंड्या पडल्या होत्या." पाचव्या दिवशी पाच. आठव्या दिवशी त्यांनी भिवाजीच्या तीन पिढ्यांना आणि एका मेंढ्याला एकाच श्वासात अशी शिवी दिली की ती इथं छापता येणार नाही, पण मी केसपेपरवर "पूर्ण वाक्य, न थांबता" अशी नोंद केली आणि बाहेर जाऊन डोळे पुसायचा प्रयत्न केला. किटमध्ये डोळे पुसता येत नाहीत.

त्या महिन्यात सगळेच शिव्या देत घरी गेले असं नाही. शीर न सापडणाऱ्या त्या आजी घरी परतल्याच नाहीत. पाटलांच्या समोरच्या पलंगावरचा बजाजनगरचा फिटरही परतला नाही. त्याचा मुलगा खालून खिडकीकडं बघून हात हलवायचा, आणि एक दिवस मला त्याला हात हलवू नको असं सांगायला खाली जावं लागलं. या दोघांची गोष्ट मी हसत सांगते, कारण हसत सांगता येईल अशा गोष्टी त्या वर्षी फार नव्हत्या.

भिवाजीला आधी सुट्टी मिळाली. तो म्हणाला, थांबतो दोन दिवस, पाटलाच्या जीपमधीच जातो, एकच रस्ता हाय. पलंग द्यायचा होता म्हणून मी त्याला खालच्या बऱ्या झालेल्यांच्या खोलीत पाठवलं. तिथून तो दिवसातून दोनदा वर निरोप धाडायचा, "डोंगरापल्याड व्हती म्हनावं."

पाटलांच्या सुट्टीच्या दिवशी माझी ड्युटी नव्हती. तरी मी गेले. साधी साडी, तोंडाला मास्क. इतके दिवस या दोघांनी मला फक्त पांढऱ्या पोत्यात बघितलं होतं. एकदा नीट भेटावं, पाटलांची माफीही मागावी, असं मनात होतं. फाटकाजवळ उभी राहिले. जीप आली होती. पाटील काठी टेकत येत होते, दुसऱ्या बाजूनं भिवाजीनं दंड धरला होता. दोघंही माझ्याच दिशेनं आले. मी पुढं झाले.

"ओ बाई, जरा सरका," भिवाजी म्हणाला. "बिमार मानूस हाय."

मी सरकले.

माझ्या मागं, पायरीवर, पूर्ण किट घातलेल्या जुबेदा खाला वॉर्डात निघाल्या होत्या. पाटील थेट त्यांच्यापुढं जाऊन थांबले. काठी भिवाजीच्या हातात दिली. आणि साहेबराव पाटील, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, वाकले आणि खालांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"सिस्टर," ते म्हणाले, एका दमात, "माझ्या लबाडीपायी तुम्हाला बोल लागला असंल तर पोटात घाला, अन् पोरीच्या लग्नाला या."

मी तोंड उघडलं होतं. माझा आवाज ऐकला असता तर दोघांनीही तत्क्षणी ओळखलं असतं.

खालांनी किटच्या काचेतून माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी पाटलांच्या डोक्यावर हातमोज्याचा हात ठेवला आणि म्हणाल्या, "जीते रहो, बेटा. पानी उबाल के पीना."

जीप निघाली तरी मी काही बोलले नाही. कडी कुणी उडवली होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.